हिराबाई बडोदेकर : मैफल आणि रंगभूमी

स्त्रीने चारचौघांत गावे की नाही, हा प्रश्न आज आपल्याला पडत नाही. आपल्या स्नेहसंमेलनात मुली निःसंकोचपणे गातात. शंभर वर्षांपूर्वी मात्र गाणाऱ्या स्त्रीकडे समाज संशयाने पाहत असे. ही दृष्टी बदलण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांच्या कारकिर्दीचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

हिराबाईंचा जन्म मिरजेचा. वडील किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. आईवडील विभक्त झाल्यावर भावंडे आईपाशी राहिली. हिराबाईंना तालीम मिळाली ती बंधू सुरेशबाबू माने आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची. पुढे पुणे हीच त्यांची कर्मभूमी झाली.

त्या काळी स्त्रीचे गाणे बहुधा धनिकाच्या दिवाणखान्यात होई. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर जलसे केले. असे करणाऱ्या अगदी पहिल्या गायिकांत त्यांची गणना होते. या तिकिटाचे महत्त्व मला पैशाहून निराळे वाटते. तिकीट काढणारा श्रोता यजमान उरत नाही. त्याला केवळ गाणे ऐकण्याचा हक्क मिळतो. हिराबाई हावभाव टाळून, शांत बसून गात. साहजिकच श्रोत्यांचे सारे लक्ष सुरांवर राही.

१९३० च्या सुमारास या भावंडांनी नाटक मंडळी चालविली. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्र मोहून गेला होता. अशा वेळी 'सौभद्रा'त हिराबाई स्वतः सुभद्रा म्हणून उभ्या राहिल्या! परंतु १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांना उतरती कळा लागली. ही मंडळीही कर्जात बुडाली. ते कर्ज हिराबाईंनी मैफली करून फेडले. रंगभूमीने बुडविले, ते गळ्याने तारले.

१९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० साली पद्मभूषण त्यांना मिळाले. 'पहिली' हा शब्द आपण सहज वापरतो. पण पहिल्या माणसाला वाट विचारायला कोणी नसते. आमच्या घरात कॉलेजची पायरी प्रथम मीच चढले, म्हणून हे मला थोडेफार कळते. हिराबाईंच्या शिष्या प्रभा अत्रे यांना २०२२ साली पद्मविभूषण मिळाले, तेव्हा स्त्रीने गावे का, असे कोणी विचारले नाही. हीच हिराबाईंची खरी कमाई होय.