वाहनाचे पुढील दिवे : अधिक प्रखर बल्ब बसविण्यापूर्वी

सोयाबीनची काढणी आटोपली की माळव्यातील धार आणि देवास या जिल्ह्यांच्या रस्त्यांवर रात्रीची वर्दळ एकाएकी वाढते. सकाळी मंडीच्या फाटकाशी लवकर नंबर लागावा म्हणून मालाने भरलेल्या ट्रॉल्या मध्यरात्रीच गावाबाहेर पडतात. त्याच वेळी मुंबई, नाशिक, धुळे येथून निघालेले मालट्रक सेंधव्यावरून पुढे येऊन खलघाटला नर्मदा ओलांडतात, धामनोद व गुजरी मागे टाकून घाट चढतात आणि मानपूर, इंदूर करीत देवासला पोहोचतात. हा जुना मुंबई-आग्रा मार्ग होय. धार शहर इंदूर-अहमदाबाद मार्गावर वसलेले आहे. महाराष्ट्रातील मालवाहतूकदारांना हे दोन्ही रस्ते परिचयाचे आहेत. शिवाय पवारांच्या काळापासून मराठी कुटुंबे धारला आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीत नांदत आल्यामुळे लग्नकार्य व सणवार यांनिमित्तही इकडची वाहने तिकडे जात असतात.

या रस्त्यांवर रात्री वाहन चालविणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची असते, ती म्हणजे दिवा पुरत नाही. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो : साठ वॅटचा बल्ब काढावा आणि शंभर वॅटचा टाकावा. काम दहा मिनिटांत होते, खर्चही फार नसतो आणि पहिल्या रात्री रस्ता उजळल्यासारखा वाटतो. परंतु बल्ब हा दिव्याचा केवळ एक भाग आहे. बॅटरी, वायर, स्विच, होल्डर, परावर्तक आणि काच या सर्वांचा मेळ जमला तरच त्याचा प्रकाश रस्त्यावर जेथे पडावयास हवा तेथे पडतो. म्हणून बल्बला हात लावण्यापूर्वी बाकीच्या गोष्टी तपासणे इष्ट ठरते.

दिव्याची रचना

अनेक मोटारींत व जीपगाड्यांत आजही एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो. हा बल्ब १९७१ मध्ये प्रचारात आला. त्याच्या एकाच काचेत दोन तंतू असतात. बारा व्होल्टच्या वाहनात प्रखर झोताचा तंतू ६० वॅटचा आणि डिपरचा तंतू ५५ वॅटचा असतो. चोवीस व्होल्टच्या ट्रकमध्ये हेच आकडे ७५ आणि ७० असे असतात. डिपरच्या तंतूखाली धातूची एक लहानशी वाटी बसविलेली असते. तिच्यामुळे या तंतूचा प्रकाश परावर्तकाच्या केवळ वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तेथून खाली, रस्त्याकडे वळतो. वाटीची एक कड किंचित तिरपी असते. त्यामुळे झोताची वरची रेषा उजवीकडे सपाट राहते आणि डावीकडे थोडी चढते. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. डाव्या कडेचा पादचारी, सायकलस्वार वा मैलाचा दगड दुरून दिसावा आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांत प्रकाश जाऊ नये, ही त्यामागची योजना. उजवीकडून वाहतूक असलेल्या देशासाठी केलेला दिवा येथे बसविल्यास नेमका उलट परिणाम होतो, हे परदेशी माल स्वस्तात मिळतो म्हणून घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

ही सारी रचना मिलिमीटरच्या हिशोबाने केलेली असते. तंतू आपल्या जागेपासून थोडा जरी सरकला तरी झोताची रेषा पुसट होऊन प्रकाश वर उधळतो. बाजारातील हलक्या प्रतीच्या शंभर-नव्वद वॅटच्या बल्बमध्ये हा दोष पुष्कळदा आढळतो. हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब बसविण्याचा प्रघात अलीकडे पडला आहे. त्यातही अडचण हीच आहे, कारण तंतूच्या जागी बसणाऱ्या लहान चकत्यांचा आकार आणि प्रकाश फेकण्याची दिशा निराळी असते. भिंतीवर पाहिल्यास पांढरा लख्ख उजेड दिसतो. रस्त्यावर मात्र तो वाहनाच्या पुढ्यातच सांडतो किंवा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मुळातच एलईडीसाठी तयार केलेल्या दिव्याची गोष्ट वेगळी.

प्रकाश वाटेत हरवतो

हॅलोजन बल्बचा प्रकाश विजेच्या दाबावर फार अवलंबून असतो. दाब थोडा घटला तरी प्रकाश त्याच्या कितीतरी पटीने घटतो. एक उदाहरण घेऊ. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १३.८ व्होल्ट आहेत, परंतु जुन्या बारीक वायरी, घासलेला स्विच आणि गंजलेली अर्थची जोडणी यांमुळे बल्बपर्यंत १२.३ व्होल्टच पोहोचतात. दीड व्होल्टाची ही घट दिसावयास किरकोळ आहे. पण तिच्यामुळे प्रकाश सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो.

आता याच वायरींवर शंभर वॅटचे दोन बल्ब लावले तर काय होईल? साठ वॅटच्या दोन बल्बना सुमारे १० अँपियर प्रवाह लागतो, शंभर वॅटच्या दोघांना १६ हून अधिक. प्रवाह वाढला की वायरीत हरवणारा दाबही वाढतो. तो दीडवरून सुमारे २.४ व्होल्टवर जातो आणि बल्बला ११.४ व्होल्टच मिळतात. इतक्या दाबावर शंभर वॅटचा बल्ब आपल्या हक्काच्या प्रकाशापैकी जेमतेम निम्मा देतो. हिशोब केला तर चांगल्या वायरींवरचा साठ वॅटचा बल्ब खराब वायरींवरच्या शंभर वॅटच्या बल्बपेक्षा अधिक उजेड पाडतो. उरलेली वीज कोठे जाते? वायरींच्या व जोडांच्या तापण्यात. ही उष्णता पूर्वीच्या अडीचपटीहून अधिक होते. होल्डर वितळणे, स्विच जळणे, वायरीवरचे आवरण पाघळून शॉर्ट होणे हे प्रकार येथूनच सुरू होतात. बल्बची स्वतःची वाढलेली उष्णता परावर्तकाचा मुलामा काळवंडविते, आणि काचेच्या जागी प्लॅस्टिक असेल तर ते पिवळे पडते. म्हणजे काही महिन्यांनी उजेड पूर्वीपेक्षाही कमी होतो आणि मालक आणखी मोठा बल्ब शोधू लागतो.

तेव्हा पहिले काम मोजमापाचे. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, मल्टिमीटरने बॅटरीवरचा दाब आणि होल्डरवरचा दाब मोजावा. फरक अर्ध्या व्होल्टाहून अधिक असेल तर दोष वायरीत आहे. अर्थची जोडणी जेथे पत्र्याला बसते तेथील रंग व गंज पॉलिशपेपरने घासून काढावा. पुष्कळ वाहनांत एवढ्यानेच फरक पडतो. परावर्तक आतून काळा पडला असल्यास तो पुसून उजळत नाही, दिवा बदलावा लागतो. प्लॅस्टिकची धुरकट काच मात्र घासून बरीच स्वच्छ होते. आणि काचेवरचा चिखल! पावसाळ्यात व शेतरस्त्यावर तोच सर्वांत मोठा चोर असतो. ट्रकच्या क्लीनरने चहाच्या थांब्यावर ओल्या फडक्याने काच पुसली तर त्यासाठी कोणताही खर्च येत नाही.

रिलेची जोडणी

वायर व स्विच यांवरचा भार कमी करण्याचा योग्य मार्ग म्हणजे रिले. बॅटरीतून येणारा मोठा प्रवाह रिलेमधून थेट दिव्याला जातो. ड्रायव्हरसमोरचा स्विच केवळ रिलेला इशारा देतो आणि त्यातून अगदी थोडा प्रवाह वाहतो. प्रखर झोतासाठी एक आणि डिपरसाठी एक असे दोन रिले लागतात. रिलेवर ३०, ८५, ८६ व ८७ असे आकडे छापलेले असतात. ३० वर बॅटरीची तार, ८७ वर दिव्याकडे जाणारी तार, ८६ वर स्विचकडून आलेली जुनी तार आणि ८५ वर अर्थ, अशी जोडणी असते. तार तांब्याची आणि किमान २.५ चौरस मिलिमीटर जाडीची असावी. बारा व्होल्टच्या वाहनात प्रत्येक रिलेच्या तारेत १५ अँपियरचा फ्यूज बसवावा आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत असावा. फ्यूज दूर बसविला तर त्याच्या अलीकडच्या तारेला संरक्षण राहत नाही. कामाला आरंभ करण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजू सोडावी. नव्या मोटारींत दिव्यांचे नियंत्रण संगणकाकडे असते. तेथे गावच्या मिस्त्रीने तार तोडू नये, कंपनीच्या कार्यशाळेकडे जावे.

हे काम झाल्यावर नामांकित कंपनीचे, मूळ वॅटचेच दोन नवे बल्ब एकदम बसवावेत. हॅलोजनच्या काचेला उघड्या बोटांनी स्पर्श करू नये. बोटांचे तेल लागलेली जागा अधिक तापते आणि बल्ब लवकर जातो. एवढ्यावर बहुतेकांची तक्रार मिटते. शंभर वॅटच्या बल्बची गरज मग क्वचितच उरते.

झोताची दिशा

दिव्याची दिशा तपासण्यास यंत्र लागतेच असे नाही. शाळेची भिंत आणि सपाट पटांगण पुरेसे आहे. चाकांत योग्य हवा भरून वाहन भिंतीपासून १० मीटरवर सरळ उभे करावे, चालकाच्या जागेवर एक माणूस बसवावा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीची खडूची रेषा काढावी व तिच्याखाली १० सेंटिमीटरवर दुसरी. डिपर लावल्यावर झोताची सपाट कड या खालच्या रेषेवर आली पाहिजे. ट्रकचा दिवा एक मीटरहून उंच असल्यास हे अंतर १५ ते २० सेंटिमीटर ठेवावे.

गणिताच्या शिक्षकांना येथे समरूप त्रिकोणाचे चांगले उदाहरण मिळेल. दिवा ७५ सेंटिमीटर उंचीवर आहे आणि झोत शंभरास एक या प्रमाणात उतरतो. तर तो जमिनीला ७५ मीटरवर टेकेल. आता जीपच्या मागच्या बाजूला माणसे व पोती भरली आणि मागचा भाग ५ सेंटिमीटर खाली दबला. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर अडीच मीटर असेल तर वाहनाचे नाक शंभरास दोन या प्रमाणात वर उचलले जाते. शंभरास एक उतरणारा झोत आता शंभरास एक चढू लागतो. ५० मीटरवर त्याची उंची सव्वा मीटर भरते, आणि समोरून येणाऱ्या मोटारीच्या चालकाचे डोळे साधारण तेवढ्याच उंचीवर असतात. चालकाला वाटते, आपण डिपर दिला आहे. समोरच्याला तो डिपर दिसतच नाही. ज्या वाहनांत दिवा खालीवर करण्याचे चाक किंवा बटण असते त्यांनी भार भरताना त्याचा उपयोग करावा.

समोरच्याचे डोळे

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ मध्ये ही मर्यादा आकड्यांत सांगितली आहे. दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील त्या व्यक्तीला दिपवील असा झोत असू नये, किंवा चालकाला तो तसा खाली वळविता आला पाहिजे. मोटार वाहन अधिनियमात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार नियमबाह्य फेरबदल करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरबदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दिवा मंजूर होतो तो विशिष्ट बल्बसह. वाहनांच्या चाचणीची मोठी व्यवस्था धार जिल्ह्यातच आहे : पीथमपूर येथील राष्ट्रीय चाचणी केंद्रात ११.३ किलोमीटर लांबीची धावपट्टी असून तिचे उद्घाटन जून २०२१ मध्ये झाले. अशा केंद्रांतून तपासून आलेल्या वाहनाचा बल्ब रस्त्याकडेच्या दुकानात बदलला की त्या तपासणीला अर्थ उरत नाही.

दिपलेल्या डोळ्यांना पुन्हा अंधार दिसू लागण्यास काही सेकंद लागतात, आणि वय वाढलेल्या किंवा मोतीबिंदू होऊ लागलेल्या माणसाला अधिक. ताशी ६० किलोमीटर वेगाने वाहन पाच सेकंदांत सुमारे ८३ मीटर जाते. एवढे अंतर समोरचा चालक जवळजवळ आंधळेपणाने तोडतो, आणि ते तोडताना तो आपल्याच दिशेने येत असतो. गणपती घाटासारख्या ठिकाणी, जेथे ब्रेक निकामी होऊन उतारावर वारंवार अपघात झाले आहेत, चढणाऱ्या वाहनाने उतरणाऱ्याचे डोळे दिपविणे म्हणजे त्याच्या अडचणीत भर घालणेच होय. हिवाळ्यातील धुक्यातही प्रखर झोत लावू नये. धुके तो प्रकाश चालकाकडेच परत फेकते.

डिपरच्या मर्यादेत वेग ठेवणे हे बल्ब बदलण्याहून कठीण, पण टाळता न येणारे. ताशी ६० च्या वेगात संकट दिसल्यापासून वाहन थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर सुमारे ५३ मीटर जातात, ८० च्या वेगात सुमारे ८३ मीटर. वर पाहिल्याप्रमाणे नीट लावलेला डिपरचा झोत ७५ मीटरवर जमिनीला टेकतो, आणि काळसर कपड्यातील माणूस किंवा मातकट ट्रॉली त्याहूनही अलीकडे दिसते. म्हणून ट्रॉलीमालकाचेही काम आहे. मागचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसावा अशी नियमाची अपेक्षा असते. ट्रॅक्टर सोडून दुसऱ्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडताना दिव्याची पिन लावण्यास विसरू नये. ट्रॉलीच्या मागच्या फळीच्या दोन्ही कोपऱ्यांना लाल परावर्तक पट्टी आणि बाजूंना पिवळी पट्टी चिकटवावी, व कडबा वा पोती तिच्यावर लोंबणार नाहीत असे भरावे. बैलगाडीच्या मागेही अशी पट्टी लावता येते. रस्त्यात बंद पडलेल्या वाहनामागे पुष्कळजण दगड रचून ठेवतात. असे दगड डिपरच्या प्रकाशात फार उशिरा दिसतात. त्यांच्याऐवजी परावर्तक त्रिकोण ठेवावा, आणि चाकाखाली लावलेले दगड रस्त्याबाहेर टाकल्याशिवाय वाहन जागेवरून हलवू नये.