दाब कुठे हरवतो? फिल्टरच्या दोन्ही गेजवर पाहा

मार्च उजाडला की शेततळ्याची पातळी खाली जाते, पाणी तापते आणि शेवाळ वाढते. सांगोल्याचे डाळिंब असो की जळगावची केळी, बागेची तहान याच दिवसांत वाढते आणि ठिबकचा फिल्टरही याच दिवसांत तुंबतो. मोटर रोजच्याइतकेच तास चालते, तरी झाडे सुकू लागतात.

याचे कारण आकड्यांत दिसते. ताशी 4 लिटरचा साधा ड्रीपर 1 किलो दाबावर पूर्ण पाणी देतो. दाब अर्ध्या किलोवर आला की तो ताशी 2.8 लिटरच देतो. म्हणजे दोन तासांत 8 लिटरऐवजी 5.6 लिटर.

एकच गेज पाहणारा शेतकरी इथे फसतो. फिल्टर तुंबला की त्याच्या आधीच्या गेजचा काटा उलट वर चढतो आणि दाब भरपूर असल्याचे वाटते. खरी गोष्ट कळते ती फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातील फरकावरून. स्वच्छ फिल्टरमध्ये हा फरक साधारण 0.2 ते 0.3 किलो असतो. आपल्या संचाचा स्वच्छ असतानाचा आकडा मोटरघराच्या भिंतीवर लिहून ठेवावा. फरक 0.5 किलोवर गेला की सफाई लगेच करावी. दोन गेजवर भरवसा नसेल, तर एकच गेज दोन्ही ठिकाणी आळीपाळीने लावून पाहावे.

फरक अचानक शून्यावर आला, तर मात्र खूश होऊ नये. जाळी फाटलेली असू शकते किंवा वाळूत पाण्याने थेट वाट पाडलेली असू शकते.

सँड फिल्टरला बाहेर पडणारे पाणी नितळ होईपर्यंत बॅकवॉश द्यावा; शेवाळाच्या दिवसांत तो रोज लागतो. आठवड्यातून एकदा झाकण उघडून वाळूचे घट्ट झालेले थर हाताने मोकळे करावेत. जाळी मऊ ब्रशने धुवावी, डिस्क सैल करून स्वच्छ कराव्यात आणि रबरी सील तपासावेत. हायड्रोसायक्लोन बोअरच्या पाण्यातील वाळू काढतो, हलके शेवाळ मात्र त्यातून निसटते. शेततळ्यातील फूटव्हॉल्व्ह तरंगत्या ड्रमला बांधून पृष्ठभागाच्या थोडा खाली ठेवावा, म्हणजे वरचे शेवाळ आणि तळाचा गाळ दोन्ही टळतात.

दाब मिळावा म्हणून जाळी काढून संच चालवू नका. त्या दिवशी दाब मिळेल, पण कचरा थेट ड्रीपरमध्ये बसेल आणि लॅटरल बदलण्याचा खर्च अंगावर येईल. त्यापेक्षा मोटर सुरू केल्यावर दहा मिनिटांनी दोन्ही गेज पाहा आणि फरक वाढलेला दिसला, तर फिल्टर त्याच दिवशी धुवा.