मोडीत गेलेली आवृत्ती

सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याच्या हाती बहुधा वस्तूची मालकी येत नाही, तर परवाना येतो, म्हणजे ठरावीक अटींवर ते वापरण्याची मुभा. आणि नवी आवृत्ती सवलतीत घेताना या मुभेचे काय होते हे न पाहता जुनी सीडी विकायला काढणे धोक्याचे ठरते. जुने पितळी भांडे मोडीत देऊन, वरचा फरक भरून नवे घ्यावे, तसाच हा व्यवहार असतो. मात्र मोडीतले भांडे दुकानदार ठेवून घेतो, तर सीडी आपल्याच कपाटात राहते आणि म्हणून ती अजून आपलीच वाटते.

अमेरिकेतील व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क या खटल्यात हा समज टिकला नाही. एका वास्तुविशारद संस्थेने ऑटोकॅडच्या चौदाव्या आवृत्तीवरून ऑटोकॅड २००० वर जाताना प्रत्येक परवान्यामागे ३,७५० डॉलरऐवजी ४९५ डॉलर भरले आणि जुन्या प्रती नष्ट करण्याचे कबूल केले. तरीही २००७ मध्ये त्यांपैकी काही प्रती, सॉफ्टवेअर सुरू करण्याचे हाताने लिहिलेले कोड सोबत देऊन, टिमथी व्हर्नर यांना विकण्यात आल्या. त्या संस्थेकडे मालकी नव्हतीच, केवळ परवाना होता, त्यामुळे व्हर्नर यांनाही ती मिळाली नाही, असे अपील न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले. युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये यूज्डसॉफ्ट प्रकरणात कायमस्वरूपी परवान्याच्या पुनर्विक्रीला वाव दिला, पण विकणाऱ्याने स्वतःजवळची प्रत निरुपयोगी केली पाहिजे, या अटीवर.

प्रस्तुत लेखकाने सवलतीत नवी आवृत्ती घेतल्यानंतर हिशेबाच्या सॉफ्टवेअरची जुनी सीडी, वेष्टनावरच्या क्रमांकाच्या चिठ्ठीसह, एका परिचित दुकानदाराला विकली होती. दुकानदाराने संगणक बदलताच तो क्रमांक नाकारला गेला, कारण तो लेखकाच्या नव्या परवान्यात विलीन झालेला होता. पैसे परत करता आले, पण ऐन विवरणपत्रांच्या दिवसांत त्या गृहस्थांच्या नोंदी अडकून पडल्या, याची खंत लेखकाला आजही आहे.

म्हणून करारातील हस्तांतरणाचे कलम नवी आवृत्ती घेण्यापूर्वीच वाचावे, आणि हस्तांतरणाला मुभा असेल तर जुनी व नवी आवृत्ती एकत्रच देऊन आपल्या संगणकावरून दोन्ही काढून टाकाव्यात. संगणकाबरोबर आलेला परवाना बहुधा त्या यंत्राशीच बांधलेला असतो, तो वेगळा विकू नये. घेणाऱ्यानेही केवळ सीडी आणि क्रमांकावर न विसंबता, परवाना आपल्या नावावर चढल्याचे कंपनीचे लेखी उत्तर हाती आल्यावरच पैसे द्यावेत.