हिवाळ्यात कुत्र्यासह चालण्याचा व्यायाम : एन्नोर परिसरातील कुटुंबांसाठी आरोग्यपाठ

ज्या घरी कुत्रा आहे, त्या घराला व्यायामाचे स्मरण करून देण्यासाठी दुसऱ्या कोणाची आवश्यकता नसते. सकाळ झाली की तो दाराशी जाऊन उभा राहतो व घरातील कोणाला तरी बाहेर पडावेच लागते. ही सवय आरोग्याच्या दृष्टीने मोलाची आहे. हिवाळ्यात ती खंडित होऊ नये आणि ती सांभाळताना आपणांस, मुलाबाळांस वा त्या मुक्या प्राण्यास अपाय होऊ नये, यासाठी हा पाठ आहे. दवाखान्यात प्रतीक्षा करताना तो वाचावा, घरी न्यावा व कुटुंबातील सर्वांना वाचून दाखवावा.

१. येथील हिवाळा कसा आहे?

पुणे, नाशिक वा नागपूर येथून नोकरीनिमित्त चेन्नईच्या या उत्तर टोकाला आलेल्या कुटुंबांच्या मनात हिवाळा म्हणजे थंडी, शाल व शेकोटी असे चित्र असते. एन्नोरचा हिवाळा निराळा आहे. डिसेंबर-जानेवारीतही येथे पहाटेचे तापमान साधारणपणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास असते व दुपारी ते ३० अंशांच्या जवळ पोहोचते. त्यामुळे निरोगी कुत्र्याला येथे स्वेटर घालण्याचे सहसा कारण नाही. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो. दाट केसांच्या, थंड प्रदेशातील जातीच्या कुत्र्याला येथे हिवाळ्यातही दुपारच्या उन्हाचा त्रास होतो.

येथील धोके थंडीचे नसून तीन निराळ्या गोष्टींचे आहेत : साचलेले पाणी, जमिनीलगत साठलेला धूर आणि कुत्र्याचा चावा. व्यायाम बंद करणे हा यांवरील उपाय नव्हे. योग्य वेळ व योग्य वाट निवडणे, हाच उपाय होय.

२. किती चालावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे हालचाल करावी. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी याखेरीज आठवड्यातून किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व शक्तीचे व्यायाम करावेत.

चालताना बोलता येते, परंतु गाणे म्हणता येत नाही, अशी गती म्हणजे मध्यम श्रम समजावे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कुत्रा पावलोपावली थांबून हुंगत असेल, तर अर्धा तास बाहेर राहूनही आपला व्यायाम दहा मिनिटांचाच होतो. म्हणून फेरीचे तीन भाग करावेत : पहिली पाच मिनिटे त्याच्या हुंगण्यासाठी व विधीसाठी, मधली वीस मिनिटे सलग जलद चालण्यासाठी, आणि शेवटची पाच मिनिटे संथ चालण्यासाठी. अशी सकाळ-सायंकाळ एकेक फेरी आठवड्यातून पाच दिवस केल्यास जलद चालणेच २०० मिनिटांचे होते. हुंगणे ही कुत्र्याची गरज आहे. ते सर्वस्वी रोखू नये.

पिल्लू, वृद्ध कुत्रा वा आखूड नाकाच्या जातीचा कुत्रा यांना आपल्या गतीने ओढत नेऊ नये. त्यांना थोडे फिरवून घरी सोडावे व आपण पुढे एकटे चालावे.

३. साचलेले पाणी

चेन्नईला ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. कोसस्थलैयार नदी, बकिंगहॅम कालवा व समुद्र जेथे एकत्र येतात त्या खाडीकाठी हा परिसर वसलेला असल्याने सखल भागांत पाणी साचते. उंदीर-घुशींच्या मूत्राने दूषित झालेल्या अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग होतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाने अनेकांचे प्राण घेतले, हे मराठी वाचकांच्या स्मरणात असेल. हा रोग माणसाप्रमाणे कुत्र्यालाही होतो व बाधित कुत्र्याच्या मूत्रातून तो माणसाकडे येऊ शकतो.

यासाठी पुढील काळजी घ्यावी :

• पायाला जखम वा भेग असल्यास साचलेल्या पाण्यातून मुळीच चालू नये. अन्य वेळीही अनवाणी वा उघड्या चपलांनी न जाता बंद पादत्राणे वापरावीत.

• कुत्र्याला डबक्यातील पाणी पिऊ देऊ नये. घरचे पाणी व एक लहान वाटी सोबत न्यावी.

• घरी परतल्यावर त्याचे पाय साबणाने धुऊन बोटांच्या मधली जागा कोरडी करावी. याच वेळी कान, मान व पंजे तपासून गोचीड आहेत काय ते पाहावे. पावसाळी हवेत गोचीड वाढतात व त्यांच्यापासून कुत्र्याला प्राणघातक ताप येऊ शकतो.

• रेबीजच्या लशीसोबत लेप्टोस्पायरोसिसची लसही कुत्र्याला द्यावी काय, हे पशुवैद्यकास विचारावे.

पाण्यातून गेल्यानंतर साधारणपणे ५ ते १४ दिवसांत, कधी महिन्याभरानेही, अचानक ताप, पोटऱ्यांमध्ये तीव्र वेदना, डोळे लाल होणे वा कावीळ दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे व आपण पाण्यातून गेलो होतो हे आवर्जून सांगावे. ही माहिती मिळाली नाही तर साधा ताप समजून उपचारास विलंब होतो.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पावसानंतर मणली औद्योगिक भागातील तेल पुराच्या पाण्यासह या खाडीत उतरले होते. पाण्यावर वा चिखलावर तेलाचा तवंग दिसल्यास तेथून परत फिरावे. कुत्र्याच्या अंगाला तेल लागल्यास त्याला ते चाटू देऊ नये. हातमोजे घालून भांडी घासण्याच्या पातळ साबणाने व कोमट पाण्याने ते धुवावे आणि पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

४. धूर आणि हवा

पहाटेची हवा सर्वांत शुद्ध असते, असा आपला समज असतो. हिवाळ्यात कारखाने व रहदारी यांच्या सान्निध्यात तो नेहमीच खरा ठरत नाही. रात्रभर जमीन निवल्यामुळे तिच्यालगतची हवा गार व तिच्यावरची हवा उबदार असते. त्यामुळे धूर वर न जाता खालीच साठून राहतो. ऊन चढले की हा थर विरळ होतो. म्हणून धुके वा धूर दिसत असेल त्या दिवशी सूर्योदयानंतर तास-दीड तासाने निघावे. सायंकाळची फेरी सूर्यास्तापूर्वी पूर्ण करावी. डिसेंबरात येथे सूर्य सहाच्या आतच मावळतो, हे लक्षात असू द्यावे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या मोबाइल ॲपवर मणलीसह चेन्नईतील केंद्रांचा हवा गुणवत्ता निर्देशांक पाहता येतो. निघण्यापूर्वी तो पाहावा.

• १०० पर्यंत : नेहमीप्रमाणे चालावे.

• १०१ ते २०० : दमा, फुप्फुसाचे वा हृदयाचे विकार असणाऱ्यांनी गती व वेळ कमी करावी.

• २०१ ते ३०० : सर्वांनी फेरी आखूड करावी, मुले, वृद्ध व गरोदर स्त्रियांनी श्रम टाळावेत.

• ३०० च्या वर : कुत्र्याला केवळ विधीपुरते बाहेर न्यावे व व्यायाम घरातच करावा.

जानेवारीच्या मध्यास आपल्या घरी भोगीची भाजी व बाजरीची भाकरी होते. त्याच दिवशी येथे पहाटे जुन्या वस्तू जाळण्याची प्रथा आहे. त्या सकाळी धूर दाट असतो. फेरी सायंकाळी करावी आणि टायर वा प्लास्टिक जाळू नये.

कंटेनरच्या मालमोटारी धावतात तो एन्नोर द्रुतमार्ग टाळून वस्तीतील आतले रस्ते निवडावेत. २६ डिसेंबर २०२३ च्या रात्री एन्नोर येथे समुद्रातील वाहिनीतून अमोनिया वायूची गळती होऊन अनेक रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले होते. नाक व डोळे झोंबणारा तीव्र वास आल्यास ओले फडके नाका-तोंडावर धरावे, वाऱ्याच्या प्रवाहाला आडवे चालत दूर जावे व श्वासाचा त्रास झाल्यास १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा.

५. समुद्रकिनाऱ्यावर

या ऋतूत समुद्र खवळलेला असतो. किनाऱ्यावर रचलेले मोठे दगड निसरडे असतात; त्यांवर चढू नये व कुत्र्यालाही सोडू नये. जाळी वाळत घातलेल्या जागी गळ, काटे व दोऱ्या असतात, म्हणून मोकळ्या वाळूतून जावे. जाळ्यातून टाकून दिलेला, फुगून गोल होणारा केंड मासा विषारी असतो. कुत्र्याने तो खाल्ल्यास उलटी, लाळ व लुळेपणा येऊन मृत्यू ओढवू शकतो. असे घडल्यास लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकाकडे धाव घ्यावी.

६. चावा : विलंब नको

आपण आपल्या कुत्र्यासह जाताना वस्तीतील इतर कुत्रे भुंकत जवळ येतात. अशा वेळी धावू नये. दोरी आखूड धरावी, क्षणभर स्थिर राहावे व त्यांच्याकडे पाठ न करता हळूहळू दूर व्हावे. भांडणाऱ्या कुत्र्यांच्या मध्ये हात घालू नये. सोडवणाऱ्याचाच हात अशा वेळी चावला जातो. दोरी मनगटाभोवती गुंडाळू नये, अन्यथा हिसका बसून पडण्याचा संभव असतो. मोठा कुत्रा लहान मुलाच्या एकट्याच्या हाती देऊ नये.

रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. परंतु वेळीच उपचार घेतल्यास तो टाळता येतो. २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज भारतातून हद्दपार करण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. त्यासाठी प्रत्येक घराचा सहभाग आवश्यक आहे.

चावल्यास वा ओरखडल्यास :

• जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी.

• हळद, चुना, तिखट वा तेल लावू नये. जखम घट्ट बांधू नये.

• त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. तेथे लस विनामूल्य मिळते.

• त्वचेतून दिली जाणारी लस ०, ३, ७ व २८ व्या दिवशी घ्यावयाची असते. एकही मात्रा चुकवू नये. रक्त आलेल्या जखमेसाठी लशीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही लागते.

• ‘घरचाच कुत्रा आहे’ वा ‘केवळ ओरखडा आहे’ म्हणून थांबू नये. मुले भीतीपोटी ओरखडा लपवितात. त्यांना रागावू नये, म्हणजे ती सांगतील.

आपल्या कुत्र्यास तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची पहिली लस द्यावी व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ती नियमित द्यावी. महानगरपालिकेचा परवाना घ्यावा. त्याची विष्ठा पिशवीत उचलून कचरापेटीत टाकावी.

७. प्रथम डॉक्टरांना कोणी विचारावे?

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, दमा वा मधुमेहामुळे पायांना बधिरता असणाऱ्यांनी नवी फेरी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चालताना छातीत दाब, चक्कर वा दम लागल्यास तत्काळ थांबावे.

८. उजळणी

घरातील सर्वांनी एकत्र बसून पुढील प्रश्नांची उत्तरे द्यावीत :

(१) आज हवेचा निर्देशांक किती आहे?

(२) आपल्या नेहमीच्या वाटेवर पाणी कोठे साचते? त्या ऐवजी कोणती वाट घ्यावी?

(३) आपल्या कुत्र्याची लस कोणत्या तारखेस देय आहे?

(४) कुत्रा चावल्यास जखम किती मिनिटे धुवावी?

(५) जवळचा सरकारी दवाखाना कोणता? तेथे रात्री कसे जावे?

उत्तरे कागदावर लिहून, कुत्र्याची दोरी जेथे अडकवलेली असते तेथेच लावावीत. म्हणजे बाहेर पडताना ती प्रत्येकाच्या दृष्टीस पडतील.

उपयुक्त दूरध्वनी (तमिळनाडू) : रुग्णवाहिका १०८, आरोग्य सल्ला १०४, पशुवैद्यकीय साहाय्य १९६२.

जनहितार्थ प्रसारित