हवेवर उभी असलेली बस : पाचवीच्या वर्गातला एक पाठ



आमचं उचगाव हायवेला लागून, त्यामुळे शाळेच्या वाटेवर गॅरेजं आहेतच. त्यातल्या एका ठिकाणी जुन्या आराम बसचं फिरतं घर करायचं काम चालू होतं. सीटा काढून आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी. एका सोमवारी पाचवीतला एक मुलगा धावत वर्गात आला, "बाई, शनिवारी गाडी उंच हुती, आज एका अंगाला बसलीया! टायर तर एक बी पंक्चर न्हाई!"

त्याच संध्याकाळी त्याचा चेंडू त्या बसखाली गेला. तो पोटावर सरकत आत शिरणार, तेवढ्यात मिस्त्रींनी दंड धरून त्याला मागं ओढलं आणि रागावलेही. दुसऱ्या दिवशी आई शाळेत आली. "चेंडूच तर काढत हुता, एवढं वरडायचं कशाला?" तिला आणि वर्गाला एकदमच उत्तर द्यावं, म्हणून हा पाठ घेतला.

बस कशावर उभी असते?

मालट्रकच्या चाकांजवळ लोखंडी पाट्यांची थप्पी दिसते, ते पाटे. पण एसटीच्या शिवनेरीसारख्या गाड्यांत पाट्यांचं काम रबराच्या जाड फुग्यांकडे असतं. फुगे आक्सल आणि चासी यांच्यामध्ये बसवतात. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो आणि ती नळीतून फुग्यात जाते. अमेरिकेत ग्रेहाउंड कंपनीच्या १९५४ च्या सीनिक्रूझर बसलाही असे हवेचे फुगे होते. आपल्याकडे व्होल्वोच्या बस २००१ पासून धावू लागल्या, तेव्हा हा मऊ प्रवास अनेकांनी अनुभवला.

हवा एवढं वजन कशी उचलते? फळ्यावर गणित मांडलं. समजा, फुग्यातला दाब दर चौरस सेंटीमीटरला ५ किलो आणि फुग्याचं क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटीमीटर. ५ × ५०० = २५०० किलो. असे चार फुगे म्हणजे १० टन! गुणाकार कशाला शिकायचा, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

उंची कोण सांभाळतं?

चासीवर एक व्हॉल्व्ह असतो. त्याचा छोटा दांडा आक्सलला जोडलेला असतो. माणसं चढली की बस दबते, दांडा वळतो, व्हॉल्व्ह उघडतो आणि फुग्यात हवा जाते. माणसं उतरली की उलटं होतं, जादा हवा 'फुस्स' करत बाहेर पडते. बऱ्याच बसमध्ये असे तीन व्हॉल्व्ह असतात, पुढे एक आणि मागे दोन. तीनच का? मुलांना विचारा, चुलीला दगड किती? तीन दगडांवर भांडं डगमगत नाही. चौथा आला की एखादा अधांतरी राहू शकतो.

मग उभी बस तिरकी का?

इथे मोठ्यांचाही गोंधळ होतो. हा व्हॉल्व्ह फक्त आक्सल आणि चासी यांच्यातलं अंतर मोजतो. म्हणजे बस रस्त्याला समांतर राहते. रस्ताच उतरता असेल तर बसही उतरतीच. प्रवासात त्याचं काही वाटत नाही, पण घर म्हणून राहायचं तर झोपताना डोकं खाली जातं आणि सिंकमधलं पाणी भलत्याच कोपऱ्यात साचतं. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशी गाडी पन्हाळ्याच्या चढावर मुक्कामाला थांबली, तर हा प्रश्न येणारच.

म्हणून फिरत्या घरात वेगळी बटणं बसवतात. गाडी थांबली की नेहमीचे व्हॉल्व्ह बाजूला ठेवून एकेका कोपऱ्यातली हवा कमीजास्त करायची आणि गवंड्यासारखी पाणसळ बघायची. फुगा काही इंचच वरखाली होतो. उतार जास्त असेल तर जागाच बदलावी. निघताना उंची पुन्हा नेहमीची करायची, मगच गाडी हलवायची.

आणि रात्रीत गाडी बसते ती गळतीमुळे. जुन्या नळ्या, सांधे, व्हॉल्व्ह यांतून थोडी थोडी हवा जाते. ज्या बाजूची आधी जाते, ती बाजू आधी बसते.

वर्गात करायचे दोन प्रयोग

१. सुई नसलेल्या दोन सिरिंज नळीने जोडा. एकीचा दट्ट्या बाहेर ओढलेला, दुसरीचा आत. दुसरी उभी धरून तिच्या दट्ट्यावर वही ठेवा आणि पहिली दाबा. वही वर जाते. आता नळी सांध्यातून काढा. वही धपकन खाली!

२. पाटीवर खोका म्हणजे बस, खोक्यात अर्धी भरलेली, बूच लावलेली पारदर्शक बाटली आडवी. पाटी एका बाजूने उचला. खोका पाटीला समांतर राहतो, बाटलीतलं पाणी मात्र आडवंच.

पहिल्या प्रयोगात वही पडली तेव्हा तो चेंडूवाला मुलगा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "बाई, वहीखाली माझा हात असता तर?"

हेच सांगायचं होतं. हवा वजन उचलते, पण हवेला टेकू समजायचं नाही. नळी सुटली तर बस क्षणात काही इंच खाली येते आणि खालच्या माणसाला सरकायलाही जागा उरत नाही. जाणता मिस्त्री चाकांना ठोकळे लावून, चासीखाली भक्कम स्टँड दिल्याशिवाय खाली जात नाही. नुसत्या जॅकवर तर नाहीच.

पालकहो, घरी एवढं नक्की सांगा : उभ्या गाडीखाली चेंडू गेला तर काठीने काढायचा किंवा मोठ्या माणसाला हाक मारायची. आत शिरायचं नाही.

त्या मुलाच्या आईला मी तोच सिरिंजचा प्रयोग दाखवला. परत जाताना ती गॅरेजसमोर थांबली आणि मिस्त्रींना म्हणाली, "दादा, काल वरडलासा ते बरं केलासा."