बुडालेल्या खोडांजवळ मरळ कसा पकडावा?

पहूरची वाघूर नदी अजिंठ्याच्या डोंगरातून येऊन पुढे तापीस मिळते. वाघूरसारख्या नद्यांचे डोह, धरणे व गावतळी यांत फाल्गुनात पाणी ओसरू लागते आणि बुडालेली बाभळीची खोडे उथळ पाण्यात येतात. मरळ पकडण्यास ही जागा उत्तम.

लाकडावर शेवाळ धरते. ते खाण्यास किडे व लहान मासे येतात आणि त्यांच्या मागावर मरळ येतो. तो पाठलाग करीत नाही. आडोशाला दबा धरून भक्ष्यावर झडप घालतो. थंडी सरून पाणी कोमट झाले की त्याची भूक वाढते.

१) मरळ हवा घेण्यास वर येतो. काठावर शांत बसून ती जागा हेरावी.
२) जाळे खोडात अडकून फाटते. फाटका तुकडा पाण्यात राहिल्यास मासे त्यात नाहक मरतात. म्हणून गळ वापरावा.
३) गळास गांडूळ किंवा लहान मासा लावून खोडापासून हातभर दूर सोडावा.
४) मासा लागताच दोर खोडाच्या विरुद्ध बाजूस ओढावा.
५) सकाळ व सायंकाळची वेळ साधावी.

खोडे उपटून जळणास नेऊ नयेत. आसरा गेला की मासाही जातो. पावसाळ्यात पिलांच्या थव्याखाली राखण करणारा मोठा मरळ असतो. त्यास पकडल्यास सारी पिले इतर माशांच्या तोंडी जातात. जलाशय मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने असल्यास आधी परवानगी घ्यावी.