वल्ह्यामागील आज्ञा

विहिरीचा दोर ओढताना दंडाचे स्नायू आवळले जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु स्नायूला ते आपण होऊन साधत नाही. आज्ञा मेंदूतून निघते, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत येते आणि तेथून मज्जातंतूच्या वाटेने स्नायूकडे जाते. नवल असे, की मज्जातंतूचे टोक स्नायूला चिकटलेले नसते. दोहोंमध्ये अतिसूक्ष्म फट असते. आज्ञा येताच टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे द्रव्य त्या फटीत उतरते आणि स्नायू आकुंचन पावतो.

हे सांधे जन्मापूर्वीच जुळू लागतात. मूल आईच्या उदरात असताना एकेका स्नायुतंतूवर अनेक मज्जातंतूंच्या शाखा येऊन पोहोचतात. मग त्यांच्यात चढाओढ लागते. बहुतेक शाखा मागे सरतात आणि एका स्नायुतंतूवर अखेर एकच टिकते. निसर्ग येथे आधी उधळपट्टी करतो व मागाहून काटकसर!

मग मोठेपणी शरीराला नवे काही शिकताच येत नाही काय? दत्तू भोकनळ हे नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही या अवर्षणग्रस्त गावचे. वडिलांबरोबर त्यांनी विहिरी खोदल्या. २०१२ साली ते सैन्यात गेले आणि तेथेच त्यांनी प्रथम वल्हे हाती धरले. ज्या हातांनी पाण्यासाठी जमीन खोदली, त्यांनाच आता पाण्यावर तोल सांभाळायचा होता. दंड बळकट होते, पण तेवढ्याने भागत नाही. पाय, पाठ आणि हात यांनी ठरलेल्या क्रमाने, नेमक्या क्षणी जोर लावला नाही, तर नाव डगमगते. सरावाने मेंदू व मज्जारज्जू हा आज्ञांचा क्रम बसवतात, आणि एकाच वेळी अधिक मज्जापेशींना कामाला लावतात. म्हणूनच नव्या व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत दंड फारसे न भरताही जोर वाढलेला दिसतो. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात भोकनळ तेरावे आले. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत चौघांच्या नावेतून त्यांनी सुवर्णपदक मिळवले.

वापर थांबला, की उलट घडते. मोडलेला हात काही आठवडे प्लास्टरमध्ये राहिला, तर स्नायू बारीक होतात आणि मेंदूची आज्ञा पूर्वीच्या जोमाने त्यांना हलवू शकत नाही. प्लास्टर निघाल्यावर पाण्याचा तांब्या उचलतानाही तो हात थरथरतो. मग रोजच्या हालचालीने हळूहळू पूर्वपदावर येतो.